एकचा गोळा

एक वाजायला दोन मिनिटं होती आणि मंत्री अजून अर्ध्या पायऱ्यांवर धापा टाकत उभे होते.

"मयेकरबाई, थांबा जरा. साहेबांच्या हातून गोळा पाडायचाय," बंदर अधिकारी साळवी म्हणाला.

सुगंधाने खांबाच्या टोकावरच्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं. इंग्रजांनी तो जहाजांना वेळ दाखवायला टेकडीवर बसवला होता. पुढे शंभर वर्षं लोकांनी त्याच्याखाली नुसते फोटो काढले. सौर वादळात उपग्रह जळाले, तेव्हा कुठे सरकारला या भंगाराची आठवण झाली. आता खाली नांगरलेल्या नऊ जहाजांवर नऊ माणसं दुर्बिणी लावून बसली होती. गोळा पडला की एक वाजला, घड्याळ लावायचं आणि निघायचं. भर समुद्रात आपण कुठे आहोत, ते त्या घड्याळावरूनच कळायचं.

गेल्या वर्षी हारतुऱ्यांपायी गोळा चार मिनिटं उशिरा पडला. शंभर किलोमीटरची चूक घेऊन निघालेलं एक जहाज लक्षद्वीपच्या खडकांवर फुटलं. त्यावर सुगंधाचा भाऊ होता. चौकशीत ठपका मेलेल्या खलाशांवरच ठेवला.

"एक वाजायचा कुणासाठी थांबत नाही, साळवीसाहेब," ती म्हणाली आणि बरोबर एकला तिने खटका ओढला.

साळवी हडबडला. "परत चढवा. फोटोपुरता एकदा पाडू."

दुसऱ्यांदा पडलेला गोळा पाहून कुणीतरी घड्याळ बदललंच असतं. सुगंधाने गोळा चढवायचा दांडा उपसून काखेत मारला.

"फोटोसाठी तुम्हीच चढा खांबावर," ती म्हणाली. "तुम्ही पडलात तर कुणी घड्याळ लावणार नाही."