सिंहाचं बारसं

सहा जण भाले घेऊन निघाले, तेव्हा मासिकोंदे म्हातारा वाटेत आडवा पडला होता.

"उठा बाबा," लेकिशोन म्हणाला. "ऊन चढायच्या आत सिंह गाठायचाय."

"जा की. मला ओलांडून जा आणि मलाच मारून या."

लेकिशोनचं डोकं आधीच फिरलं होतं. आदल्या दिवशी त्याच्या तांबड्या गाईला सिंहाने कुंपणापाशी फाडलं होतं. आईने दिलेली गाय. तिच्या तीन पिढ्या त्याने आपल्या हाताने वाढवल्या होत्या. गडी ढसाढसा रडला होता आणि ते त्याने कुणापासून लपवलंही नव्हतं. आता सिंहाचा जीव घेतल्याशिवाय तो शांत होणार नव्हता.

पण म्हाताऱ्याचंही काही चुकत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी तळावर गोरी पाहुणी मंडळी उतरली होती. सुट्टी काढून, पदरचे पैसे मोडून येतात बिचारी. रानातल्या सिंहांचा अभ्यास करतात, म्हणजे दिवसभर गाडीत बसतात आणि दर पाच मिनिटांनी वहीत लिहितात, 'सिंह झोपला आहे.' त्यातल्या हेटीबाई, निवृत्त शिक्षिका, एकदा म्हाताऱ्याच्या दारी आल्या. म्हाताऱ्याने त्यांना भोपळ्याच्या तुंब्यातलं आंबट दूध पाजलं आणि बाई विरघळल्या. नवा सिंह ज्याला आधी दिसेल त्याने त्याचं नाव ठेवायचं, ही तळावरची रीत. बाईंना एक आयाळवाला दिसला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं मासिकोंदे. म्हातारा आठवडाभर छाती काढून हिंडला.

घोटाळा तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. आमच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. त्याच नावाचा दुसरा कुणी असला, तर त्याने ते टाकून नवं घ्यायचं. आणि गाय फाडणारा सिंह नेमका तोच निघाला.

"सत्तर वर्षं वापरलेलं नाव आता टाकू?" म्हातारा पडल्या पडल्या म्हणाला. "आणि सभेत मला हाक काय मारणार? ए अमक्या, इकडे ये?"

"पण बाबा, तो सिंह आहे. माणूस नाही."

मुद्दा बिनतोड होता. बाभळीखाली वडीलधारे जमले. असा पेच पूर्वी कधी आला नव्हता, कारण सिंहाला माणसाचं नाव देण्याइतकं खुळं आमच्यात कुणी निघालं नव्हतं. सावली दोन हात सरकली तेव्हा निकाल लागला. नाव म्हणजे नाव, मग ते कुणाच्याही अंगावर असो.

"ठीक आहे," लेकिशोन म्हणाला. "मग आधी त्याचं नाव बदलू आणि मग मारू."

सगळ्यांना पटलं. म्हाताराही कपडे झटकत उठला.

वरात तळावर निघाली. मागून सिरोंका चालला होता. सिंहांची राखण हेच त्याचं काम. एरवी अशी शिकार थांबवायला त्याला अर्धा अर्धा दिवस पोरांच्या विनवण्या कराव्या लागत. आज मात्र त्याला कुणी तोंडच उघडू दिलं नव्हतं.

हेटीबाई वही घेऊन बसल्या होत्या. सिरोंकाने त्यांना त्यांच्या भाषेत सगळं समजावलं. नावामुळे म्हाताऱ्याची पंचाईत झालीय, नाव बदलायला हवं. मारायचं तेवढं त्याने गाळलं. परवा परत जाणाऱ्या बाईच्या जिवाला घोर कशाला लावा?

बाईंना फार वाईट वाटलं. त्यांनी दोनदा म्हाताऱ्याची माफी मागितली. तळाच्या नियमाप्रमाणे नाव ज्याने ठेवलं त्यालाच बदलता येत होतं, तेही एकदाच. बाईंनी जुनं नाव खोडलं आणि मान वर केली. समोर लेकिशोन उभा होता. डोळे रडून सुजलेले, भाला घट्ट धरलेला. सिंहाच्या काळजीने एवढ्या लांब चालत आलेला हा जवान पाहून बाईंना भरून आलं.

"याचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

सिरोंकाने इतक्या तत्परतेने आजवर कुणाला उत्तर दिलं नव्हतं.

बाईंनी लिहिलं, खाली सही केली आणि वर तारीख टाकली. काय लिहिलं ते सिरोंकाने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाच भालेवाल्यांनी लेकिशोनकडे पाहिलं. लेकिशोन सिरोंकाकडे वळला.

"दुसरं लिहा म्हणावं त्यांना."

"एकदाच बदलता येतं," सिरोंका म्हणाला. "नियम आहे."

"अरे, पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. मुलीकडच्यांनी नवरा म्हणून कुणाचं नाव पुकारायचं?"

"म्हणून म्हणतो, जप त्याला."

बाई शनिवारी गेल्या. जाताना लेकिशोनचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवत होत्या. पुढे लग्न झालं, नाव पुकारलं गेलं, सगळं रीतसर पार पडलं. दुसऱ्या पावसाआधी सिंह पुन्हा आला आणि लेकिशोनचीच ऐन दुभती गाय घेऊन गेला.

सकाळी भाला परजत पहिला कोण आला असेल, तर मासिकोंदे म्हातारा. आता त्याला कशाची भीती नव्हती. मागे निम्मी वस्ती.

"ऊठ रे," तो गरजला. "बसलास काय? गाय कुणी खाल्ली ते दिसत नाही का तुला?"

लेकिशोन दारात बसला होता. त्याने मोकळ्या खुंट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"माझी गाय होती, बाबा. मी खाल्ली. तुमच्या पोटात का दुखतंय?"