काय झाकायचं

तीन वाजता सगळी माहिती जगाला खुली व्हायची होती, आणि साडेअकरालाच पनियडिमा जलजाच्या टेबलासमोर येऊन बसला. साठी उलटलेला कोळी. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यानं एक कागद काढून तिच्यापुढे आपटला.

"मॅडम, हा 'सहभागी सतरा' कोण?"

"तुम्हीच, काका." जलजा हसली. केरळातल्या विळिंजमच्या बावीस कोळ्यांच्या मुलाखती तिच्या संस्थेनं घेतल्या होत्या. त्या तपासून, नीट लावून खुल्या करणं हे तिचं काम. कुणाचं नाव बाहेर जाऊ नये म्हणून ती महिनाभर डोळ्यांत तेल घालून राबली होती. "'वैयक्तिक माहिती कुणाला देऊ नका' असं तुम्हीच सही करून दिलंत ना? म्हणून नाव झाकलं."

"आणि खडक उघडा टाकलात!" त्याचा आवाज चढला. "लेकीनं हे वाचून दाखवलं, घास उतरेना घशाखाली."

किनाऱ्यावरच्या खुणांच्या दोन जोड्या एकाच वेळी आपापल्या रेषेत आल्या की होडी नेमकी पाण्याखालच्या त्या खडकावर असते, मासळीचं घरच ते. कोणत्या खुणा, ते इथे कशाला सांगायचं! मुलाखतीच्या भरात पनियडिमा बोलून गेला होता, आणि जलजानं नकाशावर मोजून त्या जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे करून ठेवले होते.

"नाव माझं चर्चच्या वहीत आहे, रेशनकार्डावर आहे, होडीवर हातभर अक्षरांत रंगवलंय. ते कसलं झाकता? खडक वैयक्तिक! सख्ख्या भावाला, क्लीटसला, तीस वर्षांत सांगितला नाही. उद्या मोठ्या बोटी येऊन आठवड्यात खरवडून नेतील. मी खाऊ काय मग?"

जलजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरून हुकूम होता : नाव तेवढं झाका, बाकी सगळं खुलं. साहेबांना तीनला काय सांगायचं ते नंतर बघू, असं म्हणत तिनं जागेचा रकाना उघडला आणि सतराव्या ओळीतले आकडे पुसायला घेतले.

तेच आकडे नवव्या ओळीतही होते.

नऊ म्हणजे क्लीटस. पुढे त्याचे शब्द टिपलेले होते : 'बापानं मला एकट्याला दाखवला. थोरल्याला पत्ता नाही.'

जलजा बघतच राहिली. तीस वर्षं! एकदाही समोरासमोर आले नसतील? एक पहाटे जातो, दुसरा संध्याकाळी? की बापानं वेळासुद्धा वाटून दिल्या होत्या? प्रश्न अगदी ओठांवर आला, तिनं तो गिळला.

"काय झालं?" पनियडिमानं मान पुढे काढली.

"काही नाही." तिनं पडदा आपल्याकडे वळवला आणि दोन्ही ओळींतली जागा झाकली.

"आता माझं नाव घाला. पुरं घाला, बापासकट."

तिनं घातलं. म्हातारा खूश झाला. उठता उठता पुन्हा वाकला.

"आणि पुढे लिही पोरी, हा खडक बापानं मला एकट्याला दाखवला."

जलजाची बोटं थबकली.

"लिहिते, काका," ती म्हणाली, आणि तो म्हणाला तसंच तिनं लिहिलं.