अजून एक भाकरी

उद्या आईच्या हाडांतलं कॅल्शियम शाल्मलीच्या हाडांत जाणार होतं, आणि आज आई नेहमीसारखी नाचणीची भाकरी थापत होती. ओल्या फरशीवर पडणारी तिची पावलं शाल्मली पुन्हा पुन्हा बघत होती.

"आई, तिथे पुसून घे ना. उद्यापासून भिंत धरूनच चालायचं. तुझी हाडं पोकळ होणार आहेत."

"बरणीचं झाकण उघडताना मनगट मोडून घेतलंस तू, आणि चालायला मला शिकवतेस?"

शाल्मलीच्या बरोबरीची सगळी मुलं पाकिटातल्या जेवणावर वाढली होती. पंचविशीच्या आतच प्रत्येकाचं काही ना काही मोडलं होतं, आणि भरून द्यायला आयांचीच हाडं उरली होती.

"अजून एक वाढू?" आईने विचारलं.

"नको." शाळेत असल्यापासून शाल्मलीचं हेच उत्तर होतं.

दान नीट पार पडलं. तिसऱ्या आठवड्यात आई त्याच फरशीवर घसरली. खुबा मोडला, आणि त्यातून ती उठलीच नाही.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना.

"जीव अडकलाय तिचा कशात तरी," मामा हळूच म्हणाला. "बोल काहीतरी. वचन दे तिला."

शाल्मली पिंडासमोर गुडघे टेकून बसली. गुडघे आता दुखत नव्हते. वचन मात्र तिला एकही सुचेना.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "भूक लागलीय. अजून एक वाढ."