व्हॉल्व्हवरचं नाव

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये ट्रकच्या ब्रेकचे जुने व्हॉल्व्ह भट्टीत वितळायला न धाडता खोलून, धुऊन पुन्हा नव्यासारखे करत. रीत अशी, की जोडलेल्या व्हॉल्व्हवर हात ठेवून घरच्या कुणाचं तरी नाव घ्यायचं. जीभ अडखळली तर तो परत खोलायचा. आज गेटवर कांद्याचा ट्रक खोळंबला होता, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता. त्याच ट्रकचा व्हॉल्व्ह जोडून देवश्रीनं हवा भरून पाहिली. दाबाचा काटा खाली आला नाही, म्हणजे गळती नव्हती. “घे नाव,” कादरमिस्त्री म्हणाले. लेकीचं नाव ओठांवर येऊन अडलं. तिनं पाना उचलून व्हॉल्व्ह परत खोलला. रबराखाली वाळूचा कण निघाला. तो काढून, सगळं जोडून ती गेटवर गेली. “दादा, नाव काय तुमचं?” “परवेझ. का?” परत येऊन तिनं व्हॉल्व्हवर हात ठेवला. “परवेझ.” “घरच्याचं घ्यायचं, पोरी,” मिस्त्री म्हणाले. “तोबी कुणाच्या तरी घरचाच हाय.”