मधली जागा

चुलीवरच्या भांड्याचं झाकण खडखडलं. वाल्बुर्गाने झटकन मागे वळून पाहिलं. पाळण्यातल्या लीनहार्टने ओठ चुपचुप केले आणि तो परत झोपला. तिने छापखान्याच्या नव्या पुस्तकातल्या चित्राच्या लाकडी ठशावरचा भुसा फुंकरीने उडवला आणि ठसा नवऱ्यापुढे सरकवला.

"घे. झाला."

ग्रहांच्या वाटांची एकात एक वर्तुळं यॉर्गने कोरली होती. बारीक नक्षी नेहमीच बायकोकडे. त्याने ठसा खिडकीशी धरला आणि धरूनच राहिला.

"मध्ये हे काय?"

"पृथ्वी. डोंगर, झाड, मनोरा. दर वर्षी पंचांगासाठी कोरते तीच."

"ह्या पुस्तकात मध्ये सूर्य आहे, बाई."

"मग पृथ्वी कुठे गेली?"

त्याने तिसऱ्या वर्तुळावरच्या मोहरीएवढ्या ठिपक्यावर नख टेकवलं. "ही. फिरते म्हणे."

"लिहिणाऱ्याला पोरंबाळं नसणार. घर आपोआप फिरत असतं तर मी पाळणा कशाला हलवत बसले असते?"

यॉर्गला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दुपारच्या घंटेला छापखान्याचा माणूस येणार होता. ठसा बिघडलेला दिसला तर पुस्तकाची बाकीची चित्रं, म्हणजे अख्ख्या हिवाळ्याचं काम, पुलापलीकडच्या मेर्टेनकडे जाणार. न्यूरेम्बर्गमध्ये कोरणाऱ्यांचा तोटा नव्हता.

"नवा ठसा आता होत नाही," तो म्हणाला.

"नवा कशाला? मधलं तेवढं काढू, दुसरी ठोकळी बसवू. गेल्या वर्षी चुकलेला संत नाही का बदलला?"

"ठोकलं की हा उठेल."

"उठू दे. तू घे त्याला."

तिने पटाशीने भोवती खोल कोरलं. पृथ्वी गुंडीसारखी सुटली आणि घरंगळत बाकाखाली गेली. नवी ठोकळी हातोडीच्या पहिल्याच ठोक्याला आत बसली, आणि पहिल्याच ठोक्याला लीनहार्टने भोकाड पसरलं. यॉर्ग त्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालू लागला. वाल्बुर्गा कोरत होती, मध्येच मान वर करून लेकराच्या तोंडाकडे बघत होती. सूर्याला तेच फुगलेले गाल आले.

घंटा झाली. छापखान्याच्या माणसाने ठसा उन्हात तिरपा धरला.

"आत्ताच जेवून उठलाय वाटतं तुमचा सूर्य."

"उपाशी सूर्य कुणाला हवाय?" वाल्बुर्गा म्हणाली.

तो हसला. ठसा काखेत मारून म्हणाला, "उरलेल्या चित्रांचे कागद उद्या पाठवतो."

दार लागलं. यॉर्गने पोराला हवेत उंच धरलं. पोर रडायचं विसरलं.

इतका वेळ बाकाखाली भुशात खेळणारी त्यांची पाच वर्षांची लेक उर्सेल बाहेर आली. तिच्या तळहातावर ती सुटून पडलेल्या पृथ्वीची लाकडी चकती होती आणि एका बोटाने ती तिला अगदी हळू, काही सांडू नये अशी, फिरवत होती.

"आई," तिने विचारलं, "मी फिरवतेय हे ह्या मनोऱ्यातल्या माणसांना कळतं का?"