सलामीचा अबोला

"ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, बाहेर जाणारा चेंडू सोडायचा असतो," भाऊ म्हणाला.

नवरा त्याच्या शेजारीच पॅड बांधत बसला होता. दोघांच्या मध्ये एक हेल्मेट मावेल एवढीच जागा होती. "तुझ्या भावाला सांग, तो शाळेत होता तेव्हापासून मी चेंडू सोडतोय."

ताईने कपाळाला हात लावला आणि ती तंबूबाहेर गेली.

ती संघाची प्रशिक्षक होती. संघ देशाचा होता, पण देशाला त्याचा पत्ता नव्हता. यष्टिरक्षक कुलपं दुरुस्त करायचा. वेगवान गोलंदाज दातांचा डॉक्टर होता. बारावे खेळाडू शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून मैदानावरही सगळे त्यांना सरच म्हणत. क्रिकेटमध्ये नव्याने आलेल्या देशांच्या लीगमध्ये हा संघ तिने दारोदार हातापाया पडून घुसवला होता. आज शेवटचा सामना होता. हरले तर तळाला, आणि तळाचा संघ लीगबाहेर. मग पुन्हा कारखान्यामागच्या मैदानावर बँक विरुद्ध टपाल खातं.

आणि सलामीला ही दोन रत्नं. गेल्या हंगामात कोणीतरी "ये" म्हणालं, कोणीतरी "थांब" म्हणालं आणि नवरा शतकाच्या तोंडावर धावबाद झाला. तेव्हापासून दोघांचा अबोला. दोघं राहायचे एकाच इमारतीत, नवरा-बायको खाली आणि भाऊ वर. निरोप पोचवायची ती. भावाचं ताट वर न्यायचीही ती, कारण तो आता खाली जेवायला येत नव्हता. त्याला सांग, नळ चालू राहिलाय. त्याला सांग, स्वतःचं बघ. वाढदिवस दोनदा, संघाची बैठक दोनदा, डोकेदुखी मात्र एकच, दिवसभर पुरणारी. दोघांना समजावून समजावून तिची जीभ झिजली होती. आपल्यामुळेच हे दोघं एका घरात आले आणि आपल्यामुळेच तुटले, असं वाटून ती कितीदा एकटी रडली होती.

दुपारी पाठलाग सुरू झाला. विकेट पडत नव्हती, पण धावाही होत नव्हत्या. दोघं टुकुटुकु खेळत होते. षटक संपलं की एका टोकाच्या यष्ट्यांपाशी यायचे, ग्लोव्ह्जला ग्लोव्ह्ज लावायचे, खाली मान घालून उभे राहायचे आणि परत जायचे. शेवटची पाच षटकं उरली आणि पन्नासच्या वर धावा हव्या होत्या. शेजारी संघटनेचे अध्यक्ष मोठमोठे उसासे सोडत होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून तिने कानात इअरफोन घातले आणि मोबाइलवर सामना लावला.

लीगवाल्यांनी आज पहिल्यांदाच यष्ट्यांजवळ माइक बसवला होता. सकाळी तसं सांगितलंही होतं, पण तेव्हा हे दोघं पॅड बांधत भांडत होते.

"दाजी, रात्री नेहमीच्या ठिकाणी?" तिच्या कानात भावाचा आवाज आला.

"हो. मी फिरायला जातो म्हणून निघेन. तू मागच्या जिन्याने ये."

"वर्ष होत आलं. किती दिवस लपवायचं? आपलं तर तिसऱ्याच दिवशी मिटलं होतं."

"अरे, तिला कळलं की संपलं. रोज जेवण झालं की टेबलावर चमचे मांडून बसेल. हा पॉइंट, हा मिडऑन. झोप येईपर्यंत. विसरलास?"

"विसरतोय कसला. मला अजून चमचा दिसला की मिडऑन आठवतो."

दोघं हसले. मैदानावर मात्र ते खाली मान घालूनच उभे होते.

वर्षभर नेलेली ताटं तिला आठवली. भयंकर राग आला. मग लाज वाटली, कारण चमचे खरे होते. नवरा जांभया द्यायचा आणि ती त्याला स्लिप समजावत राहायची. मग पुन्हा रागच आला, कारण धावा अजून तेवढ्याच हव्या होत्या.

"सर, ग्लोव्ह्ज घेऊन जा," ती म्हणाली.

सर उठले. "निरोप कोणाला?"

"दोघांना एकदमच. म्हणावं, हरलात तर आजपासून रोज जेवणानंतर टेबलावर चमच्यांची बैठक. दोघांनी शेजारी बसायचं."

"आणि जिंकले तर?"

"जिंकले तर बैठक बंद. कायमची."

सर धावत गेले आणि निरोप देऊन परत आले. खेळपट्टीवर दोघं खांबासारखे उभे होते.

"दाजी, ताईला कळलं कसं?"

नवरा वाकून यष्ट्यांच्या बुडाशी बघत राहिला. मग त्याचा आवाज अगदी जवळून आला. "ते नंतर बघू. आधी मार."

पुढचा चेंडू मैदानाबाहेरच्या टायरच्या दुकानाच्या पत्र्यावर वाजला. त्याच्या पुढचा सापडलाच नाही. एकेरीच्या जागी ते दोन पळाले, दोनच्या जागी तीन, आणि पळताना एकमेकांना नावं घेऊन ओरडून सांगत होते. एक षटक राखून सामना संपला. संघ लीगमध्ये राहिला.

अध्यक्ष डोळे पुसत तिच्याकडे आले. "बाई, शेवटी शेवटी काय जीव तोडून खेळले दोघं. एवढी जिद्द कुठून आणलीत?"

"घरून," ती म्हणाली.