तिसरा फेरा

पहिला बोल्ट हलला नाही. भावजींनी लांब पाना त्यावर चढवला, अंगाचा भार टाकला आणि पाना ‘कट्’ वाजला. ठरलेला जोर आला की तो असा वाजतो. बोल्ट तसूभरही फिरायच्या आत वाजला, म्हणजे बोल्ट पक्का आवळलेला आहे.

“एक,” भावजी म्हणाले. तिने मान हलवली.

तीन भागांचं चाक होतं ते. मधली जाळी, पुढची चकचकीत कड आणि मागचा रुंद भाग, तीस बोल्टांनी एकमेकांना जखडलेले; सांध्यात हवा अडवायला सिलिकॉन. अशी चाकं सोडवायची, घासूनपुसून रंगवायची आणि पुन्हा जोडायची, हाच या घराचा धंदा. तिचा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ चाकं सोडवायचे, जोडणी तिची. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना कुठून धरतात हेही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत तिने दोघा भावांना मागे टाकलं. “वहिनींनी जोडलेलं चाक उघडायचं असेल तर पैलवान घेऊन या,” असं भावजी गिऱ्हाइकांना बजावायचे.

आठ महिन्यांपूर्वी हे चाक तिच्या नवऱ्याच्या गाडीला होतं. भर दुपारी, सरळ रस्त्यावर ती गाडी डावीकडच्या झाडावर जाऊन आदळली. ब्रेक दाबल्याची खूण रस्त्यावर सापडली नाही. टायर शाबूत होतं, पण त्यात हवा नव्हती.

कोणी काही विचारायच्या आत तीच बोलली होती, “माझ्याकडून तिसरा फेरा राहिला.”

बोल्ट तीन फेऱ्यांत आवळतात. समोरासमोरचे, थोडे थोडे. तिसरा फेरा झाला की प्रत्येक बोल्टवर पांढरी रेघ ओढायची. एकदा रेघ पडली की ते चाक पुन्हा कोणी तपासत नाही. त्या दिवशी नवरा किल्ल्या घेऊन दारात उभा होता, “झालं का, झालं का” करत होता, त्या घाईत दुसऱ्या फेऱ्यावरच रेघा ओढल्या गेल्या, असं तिने पोलिसांना सांगितलं, घरात सांगितलं, येईल त्या नातेवाइकाला सांगितलं. सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिच्या पुढ्यात ताट आणून ठेवलं. भेटायला येणाऱ्यांना त्या म्हणायच्या, “घरीच येत होता हो माझा मुलगा. गाडीचं तोंड इकडेच होतं.”

ती रडली नाही. जेवत होती, झोपत होती, रंग खरवडत होती. पाना तेवढा तिने पुन्हा हातात धरला नाही. ‘हिच्या डोळ्याला पाणी कसं नाही’ ही कुजबुजही तिने ऐकली, शेजारच्या घरात भांडी वाजावीत तशी.

भावजींना मात्र चैन नव्हतं. “तुमच्या हातून फेरा राहील हे मला पटतच नाही. एकदा उघडून बघू या,” हे त्यांचं आठ महिने चाललं होतं. तीही कधी कामाचं, कधी डोकेदुखीचं निमित्त काढून टाळत आली होती. आज ती वर जेवायला गेली आणि खाली येऊन बघते तर चाक बाकावर चढलेलं.

“आज तुमचं काही ऐकणार नाही,” भावजी म्हणाले होते.

दहा झाले, पंधरा झाले. भावजींचा आवाज चढत गेला. ती बाकाची कड धरून उभी होती. प्रत्येक ‘कट्’नंतर तिची नजर पुढच्या बोल्टवर जायची. विसाव्याला भावजी हसले, “सांगत होतो ना, पैलवान लागेल!” एकोणतीस झाले.

तिसावाही हलला नाही.

मग त्यांनी बोल्ट काढले आणि भाग वेगळे केले. सिलिकॉनची पट्टी सगळीकडून अखंड होती. कड एका जागी चेपली होती; हवा गेली ती तिथून, झाडावर आदळल्यावर. भावजी मटकन स्टुलावर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

“सुटलात, वहिनी! तिसरा फेरा झाला होता. तुम्हालाच आठवत नव्हतं!”

तिला आठवत होतं. तिन्ही फेरे आठवत होते, शेवटच्या रेघेपर्यंत. तरीही आपलंच चुकत असेल, एखादा बोल्ट सैल निघेल, अशी आशा तिला तिसाव्यापर्यंत होती. निघताना नवऱ्याने घड्याळ, पाकीट आणि मोबाइल याच बाकावर काढून ठेवला होता. अपघाताचा फोन आला तेव्हा कोणाच्या नजरेस पडायच्या आत तिने ते खणात सारलं होतं. चाक धड होतं, तर गाडी झाडाकडे कोणीतरी हाताने वळवली होती, आणि गाडीत माणूस एकच होता.

भावजी डोळे पुसत उठले. “थांबा, आधी आईला सांगून येतो. तिच्याही मनावरचं ओझं उतरेल.”

ती जिन्याच्या दारात आडवी झाली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिचा आवाज कापला.

“आईंना सांगू नका, भावजी. माझी चूक आहे तोवरच त्यांचा मुलगा घरी येत होता.”